लळा लागण्याचे वय

तान्हे मूल घरात आले की त्याच्या वाढीच्या नोंदी सुरू होतात. दर महिन्याला वजन होते, लसींच्या तारखा कार्डावर लिहिल्या जातात. मान कधी धरली, पालथे कधी पडले, पहिला दात कधी आला हे आजी तिथीवारासह सांगते. या सगळ्या नोंदींत एक वाढ मात्र कुठेच लिहिली जात नाही. ती म्हणजे मुलाला माणसांचा लळा लागण्याची. ‘बाळाला आजोबांचा फार लळा आहे’ असे आपण कौतुकाने म्हणतो आणि तो स्वभावाचा किंवा ऋणानुबंधाचा भाग समजून पुढे जातो. परंतु गेल्या पाच-सहा दशकांतील संशोधन सांगते की लळा लागणे ही दात येण्याइतकीच शरीरात घडणारी गोष्ट आहे. तिचे स्थान मेंदूत आहे, तिला लागणारे पोषण ठरलेले आहे आणि तिचे वयही बऱ्याच अंशी ठरलेले आहे. पुढे ते मूल मित्र कसे जोडील, अनोळखी माणसाला कसे जोखील, राग आणि भीती कशी आवरील, याचा पाया याच वयात घातला जातो. या अंकात आपण या वाढीचा विचार करू.

हुंकार आणि उत्तर

जन्माच्या वेळी बाळाच्या मेंदूचे वजन प्रौढ मेंदूच्या साधारण एक चतुर्थांश असते. दुसरा वाढदिवस येईपर्यंत ते तीन चतुर्थांशांच्या आसपास पोहोचते आणि मूल शाळेत जाऊ लागते तोवर जवळजवळ नव्वद टक्के झालेले असते. या काळात नव्या चेतापेशी फारशा निर्माण होत नाहीत. त्यांच्यातील जोडण्या मात्र अफाट वेगाने वाढतात. निसर्ग आरंभी गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या करून ठेवतो. ज्या वारंवार वापरल्या जातात त्या बळकट होतात, ज्यांना काम मिळत नाही त्या हळूहळू गळून पडतात. पायवाटेचे असेच असते. ज्या वाटेने रोज माणसे जातात ती मळते, बाकीच्या वाटांवर गवत उगवते.

कोणत्या वाटा मळायच्या हे अनुभवावर अवलंबून असते, आणि काही अनुभव तर मेंदू गृहीतच धरून चाललेला असतो. डोळ्यांवर उजेड पडेल आणि कानांवर आवाज येईल, या अपेक्षेने दृष्टीचे व श्रवणाचे भाग तयार होत असतात. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळावर लवकर शस्त्रक्रिया झाली नाही, तर पुढे डोळा निर्दोष होऊनही दृष्टी पुरती येत नाही. त्याच रीतीने बाळाचा मेंदू माणसाची अपेक्षा करतो. आपण रडलो तर कोणीतरी येईल, हुंकार दिला तर कोणीतरी उत्तर देईल, हसलो तर समोरचा चेहरा हसेल, हे त्याने धरून ठेवलेले असते.

ही अपेक्षा किती लवकर जागी होते ते अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७५ मध्ये दाखवले. काही महिन्यांच्या बाळाशी आई नेहमीसारखी खेळत असते. मग तिला सांगितले जाते, दोन-तीन मिनिटे चेहरा निर्विकार ठेवून बाळाकडे नुसते पाहत राहा. बाळाच्या ध्यानात हा बदल क्षणात येतो. ते आधी हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते, किंचाळते. एवढे करूनही चेहरा हलत नाही असे दिसल्यावर तोंड फिरवते, अंग आक्रसून घेते. आई पुन्हा हसू लागली की थोड्या रुसव्यानंतर खेळ परत जुळतो. बोलता न येणाऱ्या या जिवाला संभाषणाचा नियम ठाऊक असतो, आणि तो मोडला की ते दुरुस्तीचा प्रयत्नही करते.

हे वाचून एखाद्या आईच्या किंवा बाबांच्या मनात धास्ती येण्याचा संभव आहे, म्हणून याच संशोधनातील दुसरी गोष्ट लगेच सांगितली पाहिजे. प्रेमळ आणि निरोगी माय-लेकरांचेही सूर सारा वेळ जुळलेले नसतात. ते साधारण एक तृतीयांश वेळच जुळलेले असतात, असे ट्रॉनिक यांच्या निरीक्षणांत आढळले. उरलेल्या वेळात चुकामूक होते आणि पुन्हा जुळवून घेणे चालते. बाळाला भूक लागलेली असताना आपण त्याला झोपवू पाहतो, मग चूक उमगते आणि आपण त्याला पाजतो. तुटलेले पुन्हा जुळते, हा विश्वास बाळाला अशा चुकामुकींतूनच मिळतो. मूल त्रुटी सहज पचवते. त्याला सोसत नाही ती उत्तर येणे कायमचेच थांबण्याची अवस्था.

रडणे थांबलेले पाळणे

उत्तर कायमचे थांबले तर मेंदूचे काय होते, हे प्रयोग करून पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण विसाव्या शतकात एका देशाच्या धोरणामुळे ते हजारो मुलांच्या बाबतीत घडले. तो देश म्हणजे रुमानिया. १९६६ मध्ये तेथील हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू याने लोकसंख्या वाढवण्यासाठी गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. गर्भनिरोधक साधने मिळेनाशी झाली. गरीब कुटुंबांत पोसता येणार नाहीत इतकी मुले जन्माला आली, आणि सरकार तुमच्याहून चांगले सांभाळील असे सांगून ती सरकारी संगोपनगृहांत ठेवून घेण्यात आली. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा अशा संस्थांत एक लाखाहून अधिक मुले होती.

या संस्थांत दूध मिळे, कपडे बदलले जात, छप्पर होते. परंतु एकेका सेविकेकडे डझनभर किंवा त्याहूनही जास्त मुले असत आणि पाळी संपली की माणूस बदले. पाजणे, पुसणे, झोपवणे सारे घड्याळाप्रमाणे आणि ओळीने होई. तेथे गेलेल्या संशोधकांना सर्वांत आधी जाणवली ती शांतता. तान्ह्या मुलांनी भरलेल्या दालनांतून रडण्याचा आवाज येत नसे. रडून कोणी येत नाही एवढे ती मुले शिकली होती.

२००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी राजधानी बुखारेस्टमध्ये एक दीर्घ अभ्यास सुरू केला. सहा संस्थांतील सहा ते एकतीस महिन्यांची १३६ मुले त्यांनी निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी झाली. निम्मी मुले प्रशिक्षण दिलेल्या, मानधन घेणाऱ्या कुटुंबांत वाढण्यासाठी पाठवली गेली आणि निम्म्यांची व्यवस्था पूर्वीप्रमाणे चालू राहिली. जन्मापासून आईबापांजवळ वाढणाऱ्या मुलांचा तिसरा गट तुलनेसाठी होता. निम्मी मुले संस्थेतच का राहू दिली, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तो संशोधकांनाही टाळता आला नाही. त्या शहरात मुलांना घरी वाढवणारी कुटुंबे तेव्हा जवळजवळ नव्हतीच. अभ्यासासाठी ती नव्याने उभी करावी लागली आणि सर्वांना पुरतील इतकी ती नव्हती. संस्थेतील कोणत्याही मुलाला पुढे कुटुंब मिळत असेल तर अभ्यासासाठी त्याला अडवायचे नाही, हा नियम पहिल्यापासून होता, आणि त्याप्रमाणे अनेक मुले नंतर कुटुंबांत गेलीही.

साडेचार वर्षांच्या वयात बुद्धिमापन झाले तेव्हा संस्थेच्या गटाची सरासरी ७३ होती, कुटुंबांत पाठवलेल्या मुलांची ८१ आणि स्वतःच्या घरी वाढलेल्यांची १०९. मेंदूच्या विद्युत आलेखात संस्थेतील मुलांच्या लहरी क्षीण दिसत. आठव्या वर्षी पुन्हा आलेख काढला तेव्हा, दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांच्या लहरी घरी वाढलेल्या मुलांसारख्या झाल्या होत्या. उशिरा गेलेल्यांच्या झाल्या नव्हत्या. एमआरआय तपासणीत मेंदूचा करडा भाग, म्हणजे मुख्यतः चेतापेशींचा भाग, संस्थेत राहिलेल्या सर्वच मुलांमध्ये कमी भरला. परंतु पेशींना जोडणाऱ्या तंतूंचा पांढरा भाग कुटुंबात गेलेल्या मुलांमध्ये बराचसा सावरलेला आढळला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची निरीक्षणे वागणुकीची आहेत. लवकर कुटुंबात गेलेल्या मुलांना त्या घरातील माणसांचा लळा लागला. सुमारे वीस महिन्यांच्या आत गेलेली मुले आठव्या वर्षी वर्गात कशी मिसळतात असे शिक्षकांना विचारले, तेव्हा त्यांची सामाजिक कौशल्ये घरी वाढलेल्या मुलांच्या तोडीची ठरली. पुढे बाराव्या वर्षाच्या सुमारास, परक्यांसमोर भाषण करण्यासारख्या ताणाच्या प्रसंगी शरीर काय करते हेही तपासले गेले. संस्थेत राहिलेल्यांची शरीरे थंड, निरुत्साही प्रतिसाद देत होती. लवकर घर मिळालेल्यांची नेहमीसारखा देत होती.

सर्वांकडे जाणारे मूल

या अभ्यासातील एक निरीक्षण आपल्या समजुतीला धक्का देणारे आहे. संस्थांत वाढलेली बरीच मुले अनोळखी माणसाला पाहताच धावत येत, हात धरत, मांडीवर बसत, त्याच्याबरोबर निघूनही जात. भेटीला आलेल्यांना ती फार माणसाळलेली वाटत. वास्तविक ते माणसाळलेपण नव्हते. ज्याला आपले माणूसच ठाऊक नाही, त्याला परका माणूस ओळखता येत नाही.

म्हणून आठ-नऊ महिन्यांचे बाळ पाहुण्यांना पाहून भोकाड पसरते तेव्हा लाजण्याचे कारण नाही. ‘आमचे बाळ कोणाकडे जात नाही’ ही तक्रार नसून प्रगतीची खूण आहे. आपली माणसे आणि इतर माणसे यांत त्याच्या मेंदूने रेषा ओढली आहे. आता ते आईच्या खांद्यावरून पाहुण्याकडे चोरून पाहील, मग आईच्या चेहऱ्याकडे पाहील, तिथे निर्धास्तपणा दिसला तर हळूच हसेल. पुढील आयुष्यातील मिळूनमिसळून वागणे याच वळणाने येते. एक जागा भक्कम असली की तिथून बाहेर जाता येते. काही मुले उपजतच मोकळी असतात, हेही खरे. पण तीही चार पावले गेल्यावर मागे वळून आपले माणूस जागेवर आहे ना, हे पाहून घेतात. तसे वळून पाहणे ही लळ्याची खरी परीक्षा आहे.

आत नेमके काय घडते

माणसाच्या जिवंत मेंदूत खोलवर डोकावण्यास मर्यादा आहेत, म्हणून पुढचे धागे प्राण्यांवरील अभ्यासांतून मिळाले. कॅनडातील माँट्रिअल येथे मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या माद्यांचे निरीक्षण केले. काही माद्या पिलांना खूप चाटतात, काही कमी. खूप चाटलेली पिले मोठेपणी ताणाच्या प्रसंगी लवकर शांत होतात. हा गुण रक्तातून येतो की संगोपनातून, हे पाहण्यासाठी पिलांची अदलाबदल केली, तेव्हा पिले जन्म देणारीवर न जाता सांभाळणारीवर गेली. २००४ मध्ये या गटाने दाखवले की चाटण्यामुळे ताण आवरणाऱ्या एका जनुकावरच्या रासायनिक खुणा बदलतात. जनुक तेच राहते, त्याचा वापर किती व्हावा हे बदलते.

दुसरा धागा २०१२ मधील. अमेरिकेत गॅब्रिएल कॉर्फस यांच्या प्रयोगशाळेत काही छोट्या उंदरांना, अंगावरचे दूध सुटताच, दोन आठवडे एकटे ठेवले गेले. त्यांच्या मेंदूत कपाळामागच्या भागातील चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण पातळ राहिले. विजेच्या तारेवरील वेष्टनासारखे हे आवरण संदेश वेगाने आणि नीट पोहोचवते. नंतर त्यांना इतर उंदरांत सोडले तरी ती उणीव भरली नाही आणि त्यांचे मिसळणे कमीच राहिले. हाच एकांतवास वयाच्या पुढच्या टप्प्यावर दिला तेव्हा मात्र असा परिणाम दिसला नाही. उंदरांचे आठवडे माणसाच्या महिन्यांशी सरळ जुळवता येत नाहीत. तथापि सोबत ही मनाची करमणूक नसून विशिष्ट वयात मेंदूच्या बांधणीला लागणारा माल आहे, हे या प्रयोगातून स्पष्ट होते.

दार किती काळ उघडे असते

एवढे वाचल्यावर प्रश्न उरतो तो हा, की वेळ टळली तर सारे संपले का? उत्तर ‘नाही’ असे आहे, पण त्यात पायऱ्या आहेत.

राजवट कोसळल्यानंतर रुमानियातील अनेक मुले ब्रिटनमध्ये दत्तक गेली. मायकेल रटर यांनी सुरू केलेल्या अभ्यासात त्यांतील १६५ मुलांचा तरुणपणापर्यंत मागोवा घेतला गेला. सहा महिन्यांच्या आत संस्थेतून बाहेर पडलेली मुले पुढे बहुतांशी इतर मुलांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ राहिलेल्यांत अडचणी जास्त होत्या. तरीही त्यांतील सुमारे पाचातील एक जण कोणत्याही मोठ्या अडचणीशिवाय मोठा झाला. तेव्हा दार एका रात्रीत बंद होत नाही. ते हळूहळू अरुंद होत जाते, आणि नंतर आत शिरायला जास्त श्रम, जास्त काळ आणि जास्त चिकाटी लागते.

ती चिकाटी कशी असावी याचे एक सुंदर उदाहरण माकडांकडून मिळते. विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी सहा महिने पूर्ण एकांतात ठेवलेली माकडे भेदरलेली, स्वतःलाच कवटाळून झुलत बसणारी झाली होती. समवयस्कांत सोडली की त्यांची अवस्था आणखी बिघडे. ते प्रयोग आज क्रूर वाटतात आणि तसे ते होतेच. पुढे स्टीफन सुओमी आणि हार्लो यांनी त्या भेदरलेल्या माकडांजवळ तीन महिने वयाची निरोगी पिले सोडली. ती पिले मारायला धावत नव्हती, फक्त येऊन बिलगत होती. काही महिन्यांत मोठी माकडे खेळू लागली. १९७२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भेदरलेल्या जिवाला उपदेश नको असतो, शिस्तही नको असते. घाई न करता पुन्हा पुन्हा बिलगणारे कोणीतरी हवे असते, एवढे त्यातून घेता येईल.

जमैकातील काम तर थेट माणसांचे आहे. १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी किंग्स्टनमधील गरीब वस्त्यांत वाढ खुंटलेली १२९ मुले निवडली. त्यांतील काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जात. घरगुती वस्तूंपासून केलेली खेळणी नेत आणि बाळाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे आईला दाखवत. वीस वर्षांनंतर ही मुले तशी भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती. त्यांच्यात नैराश्य आणि हिंसक वर्तनही कमी होते. आठवड्याचा तो एक तास निमित्तमात्र होता. उरलेल्या दिवसांत आई आणि बाळ यांच्यात जे चालू राहिले, त्याने काम केले.

आपल्या घरी काय करावे

सर्वांत मोलाची गोष्ट विकत आणावी लागत नाही. तेल लावताना, न्हाऊ घालताना, भरवताना बाळाशी बोला आणि त्याला उत्तर द्यायला क्षणभर थांबा. ते हुंकार देईल, पाय झाडेल, नजर वळवेल. त्याच्या त्या उत्तराला पुन्हा उत्तर द्या. टाळ्यांचे खेळ, लपाछपी, बडबडगीते यांत हेच देणे-घेणे असते, म्हणूनच ती पिढ्यान्पिढ्या टिकली. महागडी खेळणी आणि तान्ह्यांचे वर्ग यांची जागा याच्या फार मागे आहे.

बाळ रडले की उचलावे की नाही, यावर घरोघरी वाद होतात. पहिल्या वर्षात उचलल्याने मूल लाडावत नाही. हाक दिली की कोणी येते, एवढेच ते शिकते. आणि हे शिकलेले मूल पुढे थोडी वाट पाहायलाही शिकते.

हे सारे एकट्या आईने करायचे, असा अर्थ मात्र काढू नये. बाळाला हवीत ती थोडी, पण रोजची माणसे. बाबा, आजी-आजोबा, मावशी, सांभाळायला येणाऱ्या ताई, यांपैकी तीन-चार चेहरे कायम असले की पुरे. आई नोकरीवर जाते म्हणून मूल दुरावत नाही. पाळणाघर निवडताना भिंतीवरच्या चित्रांपेक्षा तीन गोष्टी विचारा. एकेका ताईकडे किती मुले असतात? माझ्या मुलाकडे रोज तीच ताई असेल का? आणि मूल रडू लागल्यावर त्या काय करतात?

भ्रमणध्वनीबद्दलही एक शब्द. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार एक वर्षापर्यंतच्या मुलांना पडदा मुळीच दाखवू नये. दुसऱ्या वर्षातही तो टाळावा, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची मर्यादा ठेवावी. मुलाच्या हातातील फोनची काळजी आपण करतो, पण आपल्या हातातील फोनची क्वचितच. फोनकडे पाहणारा आपला चेहरा बाळाला ट्रॉनिक यांच्या प्रयोगातील निर्विकार चेहऱ्यासारखा दिसत असणार. पाजताना आणि भरवताना तो दुसऱ्या खोलीत ठेवला तरी पुष्कळ साधेल.

बाळंतपणानंतर आई सतत उदास असेल, बाळाकडे पाहूनही तिला काही वाटेनासे झाले असेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर ‘सगळ्याच बायकांना होते’ म्हणून ते झटकू नका. प्रसूतीनंतरचे नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. आईवर उपचार करणे म्हणजे बाळावरही उपचार करणे होय. तोवर घरातील दुसऱ्या माणसाने बाळाची संभाषणे चालू ठेवावीत.

तीन महिन्यांचे बाळ चेहऱ्याकडे पाहून हसत नसेल, वर्षाचे मूल नावाला ओ देत नसेल किंवा बोटाने काही दाखवत नसेल, आलेले शब्द किंवा हावभाव गमावत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा. ऐकण्याची तपासणीही करून घ्या. इथे एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. आईच्या थंडपणामुळे स्वमग्नता होते, असा समज विसाव्या शतकाच्या मध्यात पसरला होता. तो पूर्णपणे चुकीचा ठरला आहे. स्वमग्न मुलाच्या आईबापांना बोल लावू नका आणि आपण आईबाप असाल तर स्वतःलाही लावून घेऊ नका.

ज्यांना घर नाही त्यांचे घड्याळ

या विषयाची एक बाजू आपल्या उंबरठ्याबाहेरची आहे. रुमानियाने २००४ मध्ये कायदा करून, गंभीर अपंगत्वाचे अपवाद वगळता, दोन वर्षांखालील मुलांना संस्थेत ठेवण्यास बंदी केली. आपल्याकडील २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही संस्था हा शेवटचा पर्याय मानावा, असे तत्त्व आहे. दत्तकाबरोबरच, मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबात वाढवण्याची प्रतिपालकत्वाची सोय त्यात आहे. तरीही अनाथ मूल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आश्रमच येतो. वाढदिवसाला आपण तिथे मिठाई आणि खेळणी नेतो, मुले धावत येऊन बिलगतात, आपण भारावून परततो. ते बिलगणे आपल्याला काय सांगत असू शकते, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

म्हणून संस्थेला मदत करायची असेल तर एकदा जाऊन फोटो काढण्यापेक्षा, मुलांना सांभाळणाऱ्या ताईंची संख्या वाढावी आणि त्या टिकाव्यात यासाठी पैसा द्या. कागदपत्रांच्या कामात तुमचा हात असेल, तर सहा महिन्यांच्या मुलाच्या फाईलवरचे सहा महिने म्हणजे त्याचे तोवरचे अवघे आयुष्य असते, हे ध्यानात ठेवा. आणि दत्तकासाठी अर्ज करताना ‘तान्हेच हवे’ असा आग्रह नसलेल्या पालकांना एवढेच सांगावेसे वाटते: तीन-चार वर्षांचे मूल घरी आले, तर पहिले काही महिने ते पाहुण्यांच्या कडेवर सहज जाईल आणि तुमच्या कडेवर कदाचित ताठ बसेल. त्या काळात पाहुणे कमी ठेवा. भरवणे, न्हाऊ घालणे, झोपवणे ही कामे तुम्ही दोघांनीच करा, वय मोठे असले तरी तान्ह्यासारखी करा. ज्या दिवशी ते पडल्यावर इतर कोणाकडेही न जाता रडत तुमच्याकडे येईल, तो दिवस तुमच्या घरच्या वहीत पहिल्या दातासारखा लिहून ठेवा.